नागपुरात बीपीटीसाठी लोन घेताय? आधी हे गणित करून बघा

नीटमध्ये एमबीबीएस-बीडीएसचा नंबर लागला नाही की घरोघरी फिजिओथेरपीचं नाव निघते, आणि प्रायव्हेट कॉलेजच्या फीचा विषय आला की कोणीतरी म्हणतेच, लोन काढू ना, पोरगी नोकरीला लागली की फिटून जाईल. मी नागपुरातच बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, केलं, लोनवरच केलं, आणि आता ॲडमिशनच्या दिवसांत ओळखीतले आईवडील हेच विचारून राहिले म्हणून लिहितेय. कोर्स मनापासून आवडतो मला. पण कितीही लोन घेऊन करावा असा नाही.

माझ्या वेळी कोर्स 4 वर्षं अधिक 6 महिने इंटर्नशिप असा होता. समजा दरवर्षी दीड लाख उचलले, एकूण 6 लाख, व्याज 10 टक्के. हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, त्यामुळे सगळे निवांत असतात, पण व्याज पहिल्या वर्षीची फी बँकेने भरली त्या दिवसापासून चढत असते. पहिल्या दीड लाखावर साडेपाच वर्षांचं साधं व्याज 82,500, दुसऱ्यावर 67,500, असं करत चारही वर्षांचं 2 लाख 40 हजार. म्हणजे हप्ता सुरू होताना तुमच्या नावावर 6 नाही, 8 लाख 40 हजार असतात. 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याला 11,100 च्या आसपास, आणि 15 वर्षं मागितली तर हप्ता 9,000 वर येतो पण एकूण 16 लाखांच्या वर भरले जातात.

आता पगार. धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये मला सुरुवातीला 14 हजार मिळाले, बॅचमधले बाकीचेही 12 ते 18 च्या मधेच होते. 14 मधून 11 गेले तर उरलं काय, पेट्रोल आणि डबा.

मग सगळे होम व्हिजिट करतात, मीही करते. सकाळी सातला बेसा, गुडघा बदललेले एक काका, गोनिओमीटर, म्हणजे सांधा किती वाकतो ते मोजायचं साधन, लावून बघितलं की मागच्या आठवड्यात 70 अंशांवर अडलेला गुडघा आज 85 पर्यंत वाकला, काकूंच्या चेहऱ्यावरच दिसते ते. एका व्हिजिटचे मला 400 मिळतात. पण हा पैसा ठरलेला नसतो हे लक्षात घ्या. पेशंट बरा झाला की व्हिजिट बंद, आणि मे महिन्यात ऊन 45 ला टेकलं की सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच फिरता येते, त्यात निम्मे पेशंट पोरांकडे पुण्याला गेलेले. बँकेचा हप्ता मात्र मे महिन्यातही तेवढाच कटतो. म्हणून होम व्हिजिटच्या भरवशावर हप्ता ठरवू नका, फक्त पक्क्या पगारावर ठरवा. माझ्या मते हप्ता पहिल्या पगाराच्या पावभागाच्या वर नको. त्यात बसत नसेल तर कमी फीचं कॉलेज शोधा, गाव बदलावं लागलं तरी चालेल.

फी कमी करायचे रस्ते आहेत. आपल्या मेडिकलमध्येच, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात (जीएमसी), सरकारी फीमध्ये बीपीटी होते, सीट कमी आहेत पण पहिला पर्याय तोच टाका. प्रायव्हेट कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असते, कॉलेजच्या ऑफिसमध्ये सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून बघा. आणि मुलींसाठी मोठी गोष्ट, 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी राज्य सरकार भरते, पण ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की हे गेलं, आणि तिथंच बरेच जण घाईत सही करून मोकळे होतात.

लोन घ्यावंच लागलं तर कोर्स चालू असतानाच व्याज भरत जा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला 1,250 येते, चौथ्या वर्षी 5,000, घरच्यांना जड जाते हे मान्य, पण मग हप्ता 6 लाखांवरच बसतो, 10 वर्षांसाठी 7,900 च्या जवळपास. असं व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात सूटही देतात, सँक्शन लेटरवर (लोन मंजुरीच्या पत्रावर) सही करायच्या आधी मॅनेजरला विचारा आणि ती सूट लेटरमध्ये लिहून घ्या.

एमपीटीचं, म्हणजे फिजिओथेरपीच्या मास्टर्सचं, लोन लगेच याच्यावर चढवू नका. आधी थोडी वर्षं हॉस्पिटलमध्ये काम करा, ऑर्थो (हाडं-सांधे) आवडते की न्यूरो (मेंदू-नसा) ते कळते, आणि पहिलं लोनही थोडं खाली आलेलं असते.