तळ्याच्या गाळातले जीवाश्म किडे कसे शोधायचे

बेळगाव भागात सगळा काळा दगडच की, असं लोक म्हणतात, पण गोकाक तालुक्यात मामदापूरजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ अडकलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यात ऑस्ट्राकोड म्हणजे शिंपल्यासारखं कवच असलेले बारके जीव सापडलेत. ते किडे नव्हेत हं, पण असा बारीक थरांचा गाळ ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं.

पहिलं म्हणजे रानाच्या मालकाला विचारा. मग चिकणमातीचे पातळ थर असलेला तुकडा आडवा धरून पातळ छिन्नीने कडेला हलकेच टकटक करा, जोर लावू नका, तो आपोआप थरावरच उकलतो. दोन्ही बाजू जपा, कारण ठसा दोन्हीकडं असतो आणि पंखाच्या शिरा कधीकधी दुसरीवरच स्पष्ट दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात दहापट भिंगातून बघा. आधी पंख शोधा, अंग कुजतं पण पंख चिवट, त्यातल्या शिरांच्या जाळीवरूनच किडा कुठल्या गटातला ते कळतं. झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी दिसली तर बहुतेक मँगनीजचा डाग असतो, तो सोडा.

ओला तुकडा उन्हात ठेवला तर तडकतो, पेपरात गुंडाळून सावलीत हळूहळू वाळवा. शहाबादी फरशीत मात्र किडे शोधत बसू नका, ती किड्यांच्या जन्माआधीची आहे. जागा, थर, तारीख लगेच चिठ्ठीवर लिहा, नाहीतर अभ्यासाला तो तुकडा काही कामाचा राहत नाही.