ओपन सोर्ससाठी पैसे उभे करताय? या चुका टाळा

सांगलीत बसून कुणी मराठी शुद्धलेखन तपासणारं मोफत, खुल्या कोडचं (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर सांभाळत असेल, तर मित्रांचा सल्ला ठरलेला: 'कोड जिथे ठेवतोस त्या गिटहबवर स्पॉन्सरचं बटण लाव की!' लावा खुशाल, पण नुसत्या बटणाने पैसे येत नाहीत. जगभरातल्या वेबसाइट सुरक्षित जोडणीसाठी ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर चालतात, त्याला वर्षाकाठी जेमतेम 2,000 डॉलर देणगी मिळत होती, हे 2014 मध्ये त्यातली हार्टब्लीड नावाची सुरक्षेची मोठी चूक उघड झाल्यावर लोकांना कळलं. 'प्रकल्पाला मदत करा' हे आवाहन मोघम आहे. फोनवर चालणारी आवृत्ती, तीन महिन्यांचं काम, एवढा खर्च, असं नेमकं मांडा. आणि मागायचं ते तुमच्या कोडवर धंदा करणाऱ्याकडे. हॉस्टेलमधल्या मित्रांचे शंभर-शंभर रुपये कशाला?

खरा घोळ होतो खात्यात. पैसे एकाच्या बचत खात्यात जमा होतात, प्राप्तिकराचा प्रश्न त्याच्या पॅनवर येतो आणि वाटणीवरून चार जणांची मैत्री तुटते. मग कुणीतरी म्हणतं, ट्रस्ट काढू. काढा, पण एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसताना ट्रस्टने परदेशी देणगी घेतली तर तो गुन्हा ठरतो. केलेल्या कामाचा मोबदला आणि देणगी या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला डॉलर येण्याआधी सीएला गाठा. दुसरी वाट म्हणजे ओपन सोर्स कलेक्टिव्हसारखी यजमान संस्था. ती पैसे सांभाळते, जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा ठेवते, काम करणाऱ्याला बिलावर पैसे देते आणि हळदीच्या सौद्यातल्या अडतीसारखा आपला हिस्सा कापते. माझ्या मते भांडणापेक्षा ही अडत स्वस्त. मात्र नाव नीट वाचा: ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन ही वेगळी संस्था होती आणि तिने 2024 मध्ये गाशा गुंडाळला.

देणगीदार तक्रार करतो, 'दर महिन्याला कार्ड फेल होतंय.' दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचे नियम कडक झाले आणि परदेशी साइटवर भारतीय कार्डं अडू लागली. अशांकडून वर्षाची रक्कम एकदम घ्या.

पैसे आल्यावरची मोठी चूक म्हणजे पुल रिक्वेस्ट (कोडात बदल सुचवणारे प्रस्ताव) मोजून ते वाटणं. ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये 2020 साली नुसत्या टी-शर्टसाठी लोकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. रिव्ह्यू, टेस्टिंग, कागदपत्रं लिहिणं, लोकांच्या शंकांना उत्तरं देणं, यालाही पैसे ठेवा. ही कामं फुकटात होतील असं धरूनच सांभाळणारा माणूस थकतो.

शेअर दलाली करणाऱ्या झेरोधा कंपनीचा ओपन सोर्ससाठीचा फ्लॉस फंड 2024 पासून वर्षाला 10 लाख डॉलर देतो, पण तो लोकांच्या वापरात रुळलेल्या प्रकल्पांसाठी आहे. कालपरवा सुरू केलेल्या रिपॉझिटरीसाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना गुगल समर ऑफ कोड, म्हणजे ओपन सोर्स प्रकल्पात काम करून मानधन मिळवायचा गुगलचा कार्यक्रम, जवळचा. वय 18 पूर्ण हवं. 2022 पासून विद्यार्थीच असायला हवं असंही नाही. मानधन देशानुसार बदलतं, तेव्हा अमेरिकेचा आकडा बघून घरी सांगू नका. आणि शेवटच्या रात्री प्रस्ताव पाठवू नका: आधी त्या प्रकल्पातले एकदोन बग सोडवा, मेंटॉरशी बोला, मग लिहायला बसा.