पूल उघडते म्हणून बोट दामटू नका, या चुका टाळा

पवनीकडं वैनगंगेत लहानपणापासून डोंगा चालवला, म्हणून भाच्यानं अमेरिकेत त्याच्या शिडाच्या बोटीवर बोलावलं तेव्हा मले वाटलं, आता आपल्याले कोण काय शिकवते बावा. आपल्याकडं पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जाते अन आपण काठावर बसून राहतो, तिकडं बोट आली की पूलच वर होते, आपला २०२५ चा पांबनचा नवा रेल्वेपूल होते तसा. अमेरिकेच्या पूर्वेकडं नॉर्फोकपासून मायामीपर्यंत किनाऱ्याच्या आतून बोटींचा खाड्या-कालव्यांचा हा रस्ता, हजार मैलांच्या वर.

सगळ्यात मोठी चूक उंचीची. न उघडणारे पूल साधारण ६५ फुटांवर आहेत, पण मायामीतला ज्युलिया टटल फक्त ५६ फूट. भाचा म्हणे डोलकाठी ६२ फूट, कागदावर आहे. मी म्हटलं मोज. टोकावरचा अँटेना धरून ६४ निघाली! त्यात नकाशातली पुलाची उंची सरासरी भरतीच्या पाण्यापासून धरलेली असते, पाणी त्याच्या वर चढलं की तेवढी जागा कमी. म्हणून पुलाच्या खांबापाशी आकड्यांची पट्टी असते ते वाचा, तिथं आजची खरी उंची दिसते.

दुसरं म्हणजे वेळ. बरेच पूल तासाले नाहीतर अर्ध्या तासानं उघडतात, तुम्ही पोचले म्हणून कोणी उघडत नाही. आम्ही चार मिनिटं उशिरा पोचलो अन तासभर तिथंच. घरी फोन केला, पुलापाशी अडकलो म्हटलं, तर आई म्हणे, काहून, पूर आला का?

पण खरा घोळ वाट पाहण्यातच होते. मागून पाण्याची धार असली अन तुम्ही पुलाकडं तोंड करून हळूहळू सरकत राहिले तर बोट थांबत नाही, डोंग्यासारखा बांबू टेकवून रोखता येत नाही तिले. लांबच वळवा, तोंड धारेकडं करा, इंजिन हळू चालू ठेवा, शिडं आधीच उतरवा. उघडला की ज्याच्या मागून धार आहे त्याले आधी जाऊ द्या.

वायरलेसवर कोणी उत्तर देईना, भाचा चिडला, पाहतो तर चॅनलच चुकीचा. व्हर्जिनिया अन नॉर्थ कॅरोलिनात १३, त्याच्या खाली फ्लोरिडापर्यंत ९. बोलताना पुलाचं नाव घ्या, एकाच चॅनलवर दोन-तीन पूलवाले ऐकत असतात. वायरलेस बंद पडला तर हॉर्न, एक लांब एक आखूड. उलट पाच आखूड ऐकू आले की पूल उघडत नाही किंवा बंद होऊन रायला, घुसू नका.

अन ओहोटीत बोट गाळात रुतलीच तर इंजिन दामटून अजून आत घालू नका. हळूच मागं घेऊन पाहा, नाही निघाली तर नांगर टाका, चहा मांडा, भरती येऊ द्या.