वाइनच्या द्राक्षासाठी काळी जमीन: आधी पाण्याला वाट

वाइनच्या द्राक्षाला फार कसदार जमीन मानवत नाही. पाणी आणि नत्र मुबलक मिळाले की वेल माजतो, घड सावलीत जातात, मणी फुगतात. सालीच्या मानाने रस वाढला की शिराझसारख्या काळ्या वाणाचा रंग फिका पडतो. सावलीतल्या घडात पोटॅश साठून रसाचा सामू (pH) चढतो आणि वाइन टिकत नाही.

नागपूरकडे चढणीच्या शेतात मुरूम लवकर लागतो, नाल्याकाठी मात्र खोलवर चिकण काळी मातीच. दोन्ही हाती असतील तर द्राक्षाला चढण द्या, नाल्याकाठी कापूस बरा.

उन्हाळ्यात दीड मीटर खोल खड्डा घ्या. ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंमी थरांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरून सामू, क्षारता, मुक्त चुना आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेला) तपासा. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर असेल तरच जिप्सम घाला. नुसत्या चुनखडीसाठी टाकलेले जिप्सम म्हणजे पैसे मातीत. चुनखडीत लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. त्यावर खरा उपाय म्हणजे योग्य खुंट, म्हणजे ज्यावर वाइनच्या वाणाचे कलम बांधतात तो मुळांचा वेल. डॉगरिज हा खुंट वेलाला आणखी माजवतो, ११० आर हा खुंट त्यामानाने आवरात राहतो.

मग खड्डा पाण्याने भरा. २४ तासांनंतरही पाणी तुंबलेले असेल तर उताराला धरून चर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एप्रिल-मेमध्ये माती भेगाळलेली असताना सब-सॉयलर (खालचा कडक थर फोडणारे ट्रॅक्टरचे अवजार) ७५ सेंमीपर्यंत चालवा. ओल्या मातीत तो फक्त चीर पाडतो. चिरेच्या भिंती गिलाव्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळे तिथेच अडतात. लागवडीसाठी खोल चर खणून खताने भरायची पद्धत भारी जमिनीत टाळा. नागपूरला पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या चराचे टाके होते आणि मुळे कुजतात.

जूनमध्ये धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) पेरा, फुलायच्या आधी, साधारण ४५ दिवसांनी गाडा. ऑक्टोबरनंतर वाफसा आला, म्हणजे जादा ओल जाऊन माती मशागतीजोगी झाली, की सव्वा मीटर रुंद, ४५ सेंमी उंच गादीवाफे ओढा. एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अडीच मीटर अंतर हवे. शेणखत पूर्ण कुजलेलेच आणि बेताने घाला, खाण्याच्या द्राक्षाचा डोस इथे उचलू नका. खुंट जानेवारी-फेब्रुवारीत लावा, कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बांधा. तोवर वाफ्यांवर ट्रॅक्टर चढू देऊ नका. ओल्या काळ्या मातीवरची एक फेरी सब-सॉयलरचे काम पुसून टाकते.