खोलीत कोणी आहे का, आणि असलेच तर किती?

सेन्सर घेण्याआधी प्रश्न पक्का करा. दिवे-एसी बंद करायचे असतील तर ‘कोणी आहे का’ एवढं कळलं की भागतं. ताजी हवा किती सोडायची हे ठरवायचं तर डोकी मोजावी लागतात. दोन्हींची यंत्रं वेगळी. खालचे आकडे पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत सर्रास दिसणाऱ्या मीटिंग रूमसाठी आहेत: ५ बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, आठ खुर्च्या.

पीआयआर (अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर) स्वस्त आहे, पण त्याला माणूस दिसत नाही, उष्णतेची हालचाल दिसते. लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेल्याचे दिवे अचानक जातात आणि तो बिचारा हात हलवत बसतो. आडवी हालचाल त्याला चटकन कळते, सरळ अंगावर येणारी उशिरा. म्हणून दारासमोर नको. बाजूच्या भिंतीवर, सव्वादोन-अडीच मीटर उंचीवर, एसीच्या झोतापासून दूर लावा. मे महिन्यात बंद खोलीच्या भिंती ३५ अंशांच्या आसपास तापल्या की अंग आणि भिंत यांत फरकच उरत नाही, आणि तो जवळपास आंधळा होतो.

जोडीला एलडी२४१०सारखा २४ गिगाहर्ट्झचा रडार घ्या. स्वस्थ बसलेल्याचा श्वासही त्याला कळतो. खोड एकच: जिप्सम आणि काचेच्या पार्टिशनपलीकडचा माणूसही तो पकडतो. त्याचे अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे असतात; खोलीबाहेर जाणारे बंद करा. मग खोली रिकामी करून, पंखा-एसी चालू ठेवून दहा मिनिटं वाचन घ्या आणि प्रत्येक टप्प्याची मर्यादा त्या वाचनाच्या थोडी वर बांधा. पंखा बंद ठेवून केलेली जुळणी फुकट जाते.

दिवा लावायचं काम पीआयआरकडे, टिकवायचं रडारकडे. पीआयआरला काचेपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे कॉरिडॉरमधल्या माणसामुळे दिवे लागत नाहीत. दोन्ही दहा मिनिटं गप्प राहिले की बंद.

डोकी मोजायला दाराच्या चौकटीवर व्हीएल५३एल१एक्स हा अंतरमापक लावा, दाराचं पान फिरत नाही त्या बाजूला. त्याच्या दृष्टीचे दोन भाग करा. आधी कुठला भाग अडला त्यावरून आत की बाहेर ते कळतं. चौकट २.१ मीटरवर असेल तर १.१ मीटरपेक्षा जवळचं तेवढंच मोजा, म्हणजे चहाची ट्रॉली माणसांत जमा होणार नाही. दोघं खांद्याला खांदा लावून आले तर एकच धरला जातो, आणि सकाळची ही चूक रात्रीपर्यंत तशीच राहते. म्हणून रडार वीस मिनिटं शांत असला की आकडा शून्यावर आणा, आणि शून्याखाली कधी जाऊ देऊ नका. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी आकडा पुसला जाऊ नये, यासाठी तो फ्लॅश मेमरीत (वीज गेली तरी टिकणाऱ्या) लिहा.

पडताळणीला कार्बन डायऑक्साइड. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर, म्हणजे १८,००० मिलिलिटर सोडतो. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, त्यामुळे बाहेरची हवा किती येते ते आधी मोजा: खोली रिकामी झाल्यावर दार लावून घ्या आणि बाहेरच्या पातळीवरचा जादा भाग ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते बघा. अर्धा तास लागला तर हवा तासाला दोनदा बदलते. ६० घनमीटर खोलीत १२० घनमीटर. आता मीटिंगमध्ये बाहेरच्यापेक्षा जादा ८०० पीपीएम (दहा लाख भागांत ८००) दिसले तर १२० × ८०० ÷ १८,००० = ५.३, म्हणजे पाच जण. मात्र आकडा स्थिरावायला दीड तास लागतो, त्यामुळे छोट्या बैठकांना हा हिशेब लावू नका.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. एससीडी४१ या कार्बन डायऑक्साइड सेन्सरमध्ये ही उंची भरली नाही तर वाचन काही टक्क्यांनी चुकतं. रात्रपाळी चालणाऱ्या, कधीच रिकाम्या न होणाऱ्या मजल्यावर त्याची आपोआप दुरुस्तीही बंद करा. सर्वांत कमी वाचनालाच तो बाहेरची हवा समजतो आणि हळूहळू खोटं सांगू लागतो.

वाय-फायवरून मोजणी टाळा: एकाच्या खिशात दोन फोन असतात, आणि हल्लीचे फोन मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) बदलत राहतात.

शेवटी दोन दिवस दर पंधरा मिनिटांनी हाताने मोजून ताडा, जेवणाची सुट्टी धरून. गर्दीने आत-बाहेर होतं तेव्हाच दाराची मोजणी चुकते.