टू-पास एन्कोडिंगला बिटरेट किती टाकायचा?

बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती बिट्स खर्च करायचे तो आकडा, केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला हजार बिट्समध्ये. हा प्रश्न विचारला की कोणी 2000 सांगतं, कोणी 5000, पण व्हिडिओ किती मिनिटांचा आहे आणि फाइल किती एमबीत बसवायची आहे हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थच नाही. टू-पासचं काम काय, तर पहिल्या पासमध्ये (म्हणजे पहिल्या फेरीत) एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, अख्खा व्हिडिओ बघून कुठला सीन जड, कुठला हलका याची नोंद लॉग फाइलमध्ये करतो आणि दुसऱ्या पासमध्ये ठरलेल्या साइजमधले बिट्स त्या हिशोबाने वाटतो. साइजचं बंधन नसेल तर या भानगडीत पडूच नका, सरळ सीआरएफ (साइजऐवजी क्वालिटी ठरवायची पद्धत, आकडा लहान तितकी क्वालिटी चांगली) वापरा, त्याच साइजला क्वालिटी जवळपास तीच मिळते आणि वेळ वाचतो.

बंधन असेल तर हिशोब सोपा आहे: एमबी गुणिले 8000, भागिले सेकंद, आले केबीपीएस. समजा 90 मिनिटांचा व्हिडिओ 1400 एमबीत बसवायचाय, म्हणजे 5400 सेकंद, उत्तर येतं साधारण 2074. पण हा एकूण बिटरेट झाला बरं का, यातून ऑडिओचे 128 काढा, राहिले 1946, आणि कंटेनरसाठी (व्हिडिओ-ऑडिओ एकत्र ठेवणारं एमपी4, एमकेव्हीसारखं फाइलचं आवरण) एक-दोन टक्के सोडा म्हणजे 1900 धरा. काही सॉफ्टवेअर 1024 च्या हिशोबाने एमबी दाखवतात, पण 8000 ने केलं तर फाइल लिमिटच्या आतच राहते, म्हणून मी तेच धरतो.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात. खरा प्रश्न पुढे आहे, हे 1900 पुरणार का? 1080पी, 25 फ्रेमचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला जवळपास 5.18 कोटी पिक्सेल, त्यात 19 लाख बिट्स वाटले तर पिक्सेलमागे 0.037 पडतात, आणि एक्स264 या एच.264 एन्कोडरला हे फार कमी आहे. तोच व्हिडिओ 720पी केला की 0.08 होतं. ढोबळ मानाने 0.1 च्या आसपास निवांत, 0.05 च्या खाली गेलात की चौकोन दिसायची भीती. अर्थात स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा लेक्चर असेल तर याहून कितीतरी कमीत भागतं, आणि पाऊस, लाटा, हलणारी पानं, अंधारातला नॉइज (दाणेदारपणा) असेल तर 0.1 पण कमी पडू शकतं.

म्हणून फॉर्म्युल्यावर विसंबू नका, चाचणी घ्या. व्हिडिओतून एकेक मिनिटाचे तीन-चार तुकडे काढा, जड पण आणि हलके पण, ते सीआरएफ 21 किंवा 22 ला एन्कोड करा आणि बिटरेट किती आला ते बघा. सरासरी 3500 येतेय आणि तुमच्याकडे 1900 च आहेत, तर रिझोल्यूशन कमी करा, धूसर 1080पी पेक्षा स्वच्छ 720पी कधीही चांगलं. उलट 1200 आली तर उगाच 1900 कशाला जाळायचे, फाइल लहान होऊ द्या. नॉइज फार असेल तर हलका डीनॉइज (नॉइज कमी करणारा फिल्टर) लावून तेच तुकडे परत करून बघा, आकडा बऱ्यापैकी खाली येतो.

दोन्ही पासमध्ये क्रॉप, रिझोल्यूशन, फ्रेमरेट, फिल्टर सगळं सारखंच ठेवा, नाहीतर पहिल्या पासची नोंद फुकट जाते. ऑडिओ फक्त दुसऱ्या पासला लागतो. एफएफएमपेगमध्ये (कमांडने चालणारं एन्कोडिंगचं सॉफ्टवेअर) एकाच फोल्डरमधून दोन व्हिडिओ एकदम चालवत असाल तर प्रत्येकाच्या पासलॉगला, म्हणजे पहिल्या पासच्या लॉग फाइलला, वेगळं नाव द्या, नाहीतर एकाची लॉग दुसऱ्यावर लिहिली जाते. स्ट्रीमिंगला टाकायचं असेल तर मॅक्सरेट (बिटरेटची कमाल मर्यादा) आणि बफसाइज (ती मर्यादा ज्या बफरवर मोजली जाते त्याचा आकार) पण द्या, मॅक्सरेट सरासरीच्या दीड-दोनपट, नाहीतर एखाद्या जड सीनला बिटरेट एकदम उसळतो आणि प्लेअर अडकतो.

झालं की सगळ्यात अंधारा आणि सगळ्यात धावपळीचा सीन फुल स्क्रीनवर बघा. चौकोन दिसले आणि साइज वाढवता येत नसेल तर आधी प्रिसेट (एन्कोडरने किती वेळ घेऊन काम करायचं ती सेटिंग) मीडियमवरून स्लो करा, तरी नाही जमलं तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा.