हिवाळ्यात खुलणारी बाग : या चुका टाळा

कडाक्याची थंडी पडणाऱ्या प्रदेशात हिवाळी वाफा बहुधा जागेच्या निवडीपाशीच फसतो. उन्हाळ्यात आपण बागेत हिंडतो, त्यामुळे दूरचा कोपराही चालून जातो. हिवाळ्यात मात्र बाग पाहिली जाते ती खिडकीच्या काचेतून. म्हणून कुदळ हाती घेण्यापूर्वी, रोज जिथे बसणे होते त्या खिडकीतून नेमके काय दिसते ते पाहावे. या दिवसांत सूर्य आकाशात फार वर चढत नाही. त्याचे तिरपे ऊन मागून येईल अशा ठिकाणी शोभेच्या गवताचे वाळके तुरे उजळून निघतात, आणि तेच तुरे भिंतीच्या सावलीत निव्वळ कचरा वाटतात.

सगळी भिस्त फुलांवर ठेवणे ही दुसरी चूक. विच हेझेल, हेलेबोर, स्नोड्रॉप थंडीत फुलतात खरे, पण वाफ्याला आकार येतो तो सदाहरित झुडपांमुळे, आणि रंग येतो सालीमुळे.

सालीवरून आठवले : लाल काड्यांचे डॉगवुड सुरुवातीला झळकते आणि पुढे मातकट होते, ही तक्रार नेहमीची आहे. या झुडपाचा झगझगीत रंग कोवळ्या काड्यांवरच असतो. लाकूड जून झाले की साल तपकिरी पडत जाते. झुडूप दोन-तीन वर्षांत चांगले रुजले, की हिवाळा सरताना, पाने फुटण्याआधी, सर्व काड्या जमिनीपासून 5 ते 8 सेंटिमीटर ठेवून छाटाव्यात. उरलेले खुंट पाहून जीव हळहळतो, पण पुढच्या हिवाळ्याचा रंग त्यांतूनच फुटायचा असतो. झुडूप अशक्त असेल, तर दरवर्षी सर्वांत जुन्या एक-तृतीयांश काड्याच काढाव्यात.

पानगळ होताच सारी बाग खरवडून स्वच्छ करण्याची हौस मला कधीच पटलेली नाही. सेडमची चपटी बोंडे आणि एकिनेशियाचे काटेरी गोंडे यांच्यावर हिमकण जमतात, तेव्हा ती फुलांपेक्षाही देखणी दिसतात. शिवाय पक्ष्यांना दाणे मिळतात. हेलेबोरचा मात्र अपवाद करावा : त्याच्या जुन्या पानांवर काळे डाग असतील, तर कळ्या वर येण्यापूर्वी ती पाने देठासकट कापून टाकावीत.

सदाहरित झुडपांची पाने करपली, की दोष थंडीला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण तहान असते. जमीन गोठल्यावर मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वारा तर पानांतून ते शोषतच राहतो. यासाठी जमीन गोठण्यापूर्वी खोलवर पाणी द्यावे, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा उभारावा. कॅमेलियाच्या कळ्या तपकिरी पडत असतील, तर सकाळचे ऊन तपासावे : रात्री गोठलेली कळी उन्हाने झपाट्याने वितळली की खराब होते.

फांद्यांवर साचलेला भुसभुशीत बर्फ झाडूने खालून वर हलकेच उचलत झटकावा. त्यांवर बर्फाचा कडक थर बसला असेल तर हात लावू नये, कारण अशा फांद्या काडकन मोडतात.